मंत्र विकत घ्या, आत्मा पोसा!



व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्या पॉटलकच्या टेबलाभोवती लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सगळे बंद करा. दुसरा म्हणतो, उन्हाळ्यात मुलांनी करायचे तरी काय? दुसऱ्या तटाचे अगदीच चूक नाही. २०२३ च्या जूनअखेरीपासून फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० किंवा त्याच्या वर होता, आणि आपले चँडलर तिथून काही लांब नाही. अशा दिवसांत मुलांना बाहेर खेळायला पाठवणे म्हणजे त्यांना पापडासारखे वाळत घालणे. तेव्हा गेम घरात येणारच. पण जो येतो तो आहे कसा, हे आपल्यापैकी किती आईबाप स्वतः बसून बघतात?

म्हणून आज एकाच गेमबद्दल लिहितो. त्याचे नाव 'डिजिटल डेव्हिल सागा'. ॲटलस या जपानी कंपनीने तो प्लेस्टेशन २ साठी काढला. पहिला भाग जपानमध्ये २००४ साली आला, आणि अमेरिकेत २००५ साली दोन्ही भाग पाठोपाठ आले. म्हणजे माल जुना आहे. आमचे चिरंजीव कॉलेजातून सुटीवर आले तेव्हा जुन्या वस्तूंच्या दुकानातून दोन्ही डिस्क घेऊन आले. खोलीतून 'आत्मा', 'मंत्र', 'अग्नी', 'वायू' असे शब्द ऐकू यायला लागले म्हणून मी डोकावलो आणि मग सोफ्यावर बसलो तो बसलोच. दोन्ही भाग शेवटपर्यंत पाहिले. (सौभाग्यवतींच्या मते ही निवृत्तीची पूर्वतयारी आहे.)

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. रोल-प्लेइंग गेममध्ये नुसता गोळीबार नसतो. चार-पाच पात्रांची एक टोळी असते, कादंबरीसारखी लांबलचक कथा असते, आणि लढाई पत्त्यांच्या डावासारखी पाळीपाळीने, विचार करून खेळायची असते. एकेका भागाला तीस-चाळीस तास सहज लागतात.

कथा अशी. 'जंकयार्ड' नावाचे एक करडे शहर आहे. तिथे सतत पाऊस पडतो आणि टोळ्या एकमेकींशी लढत असतात. माणसांना राग नाही, लोभ नाही, भावनाच नाहीत. शहरावर 'कर्म मंदिरा'चा कायदा चालतो: जी टोळी बाकी सगळ्यांना जिंकेल तिला 'निर्वाण' मिळेल. टोळ्यांच्या प्रदेशांची नावे मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत! एके दिवशी प्रकाशाचा स्फोट होतो, प्रत्येकाच्या अंगावर एक खूण उमटते आणि माणसे राक्षसाचे रूप घेऊ लागतात. या शक्तीला गेममध्ये 'आत्मा' म्हणतात. तिच्याबरोबर भूक येते, आणि ती शत्रूला खाल्ल्याशिवाय भागत नाही. जो खाणार नाही त्याचे भान सुटते आणि तो आपल्याच माणसांवर धावून जातो. गंमत म्हणजे भुकेबरोबरच या लोकांना पहिल्यांदा भावनाही येतात. भीती, माया, लाज, सगळे एकदम.

ऐकूनच काही जण कान झाकून घेतील. शाकाहारी घरात हा काय अभद्र प्रकार! पण मला तर हीच या गेमची खरी जमेची बाजू वाटली. बहुतेक गेममध्ये शत्रू मारला की तो नाहीसा होतो, वर चार पैसे मिळतात आणि खेळणारा पुढे जातो. मारलेल्याचे काय, हा प्रश्नच नाही. इथे तो प्रश्न पानात वाढून समोर ठेवला आहे. आर्जिला नावाची मुलगी खायला तयार होत नाही, तिला त्याची किळस येते. जिनाना ही दुसऱ्या टोळीची म्होरकी उपाशी राहायचे ठरवते आणि त्याची फार मोठी किंमत देते. हीट नावाचा गडी म्हणतो, जगायचे तर खायचे, त्यात रडायचे काय? कोण बरोबर, हे गेम सांगत नाही.

हा वाद आपल्याला नवा नाही. महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला जातो. व्याध त्याला सांगतो की नांगर चालवला तरी जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, चालणाऱ्याच्या पायाखालीही मरतात. पूर्ण अहिंसा कोणालाच साधत नाही. चिरंजीवांना ही कथा मी पूर्वी एकदा सांगायला घेतली होती, तेव्हा 'हं' यापलीकडे उत्तर आले नव्हते. या वेळी आर्जिलाच्या प्रसंगानंतर सांगितली, तर त्याने गेम थांबवला आणि विचारले, "मग आजीच्या चतुर्थीचे काय? तीही खायला नकारच देते ना?" त्यावर आमचे तासभर बोलणे झाले. एवढे बोलणे मी एरवी फोनवर महिन्यात ऐकत नाही.

दुसरी जमेची बाजू नावांची. हीटचे रूप अग्नी, गेलचे वायू, आर्जिलाचे पृथ्वी, सिएलोचे द्यौस्. गेल म्हणजे सोसाट्याचा वारा, आर्जिला हा मातीसाठी लॅटिन शब्द, आणि सिएलो म्हणजे आकाश, हे इथल्या शाळेत स्पॅनिश शिकणारे कोणतेही मूल सांगेल. म्हणजे माणसाच्या नावातच देवतेचा अर्थ ठेवला आहे. द्यौस् ही ऋग्वेदातली आकाशदेवता आपल्यापैकी किती जणांना आठवते? जपानी लेखकाला आठवली.

'आपले देव यांनी चोरले' असे म्हणणाऱ्यांना एक सांगायचे आहे. अग्नी, वायू, पृथ्वी, इंद्र, वरुण, ब्रह्मा, यम हे सगळे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला केव्हाच गेले. कुकाई हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला, त्याने तिथे शिंगोन पंथ रुजवला. त्या परंपरेत बारा दिशापालक देव आहेत आणि त्यांत ही सारी मंडळी आहेत. अग्नीला ते कातेन म्हणतात, वायूला फूतेन, इंद्राला ताइशाकुतेन. बीजाक्षरे आजही सिद्धम् या आपल्या जुन्या लिपीत लिहितात. टोकियोच्या असाकुसा भागात एका देवळात गणपतीला (त्यांच्या कांगितेनला) चक्क मुळा वाहतात. तेव्हा हे देव त्यांच्याही घरचे आहेत, फक्त वळण वेगळे. आता हेही खरे, की नुसते नाव उचलणारे जपानी गेमही आहेत. 'फायनल फँटसी'मध्ये १९९० पासून 'शिवा' आहे. ती बर्फाची देवी आहे! २००९ च्या तेराव्या भागात तर तिच्या दोन बहिणी जुळून मोटारसायकल होते. त्यापुढे हा गेम म्हणजे अभ्यासिकाच म्हणायची.

पण सगळेच गोड नाही. माझा पहिला आक्षेप मंत्रांवर आहे. या गेममध्ये 'मंत्र' म्हणजे विकत घ्यायची वस्तू. ठिकठिकाणी मशीन आहेत, तिथे पैसे भरायचे, मंत्र उतरवून घ्यायचा, मग शत्रू खाऊन 'आत्मा पॉइंट' जमले की नवी विद्या येते. (जास्त खाल्ले तर पोटही दुखते, ही मात्र लेखकाची मिस्किली आवडली.) जपाचा, गुरूचा, संयमाचा मागमूस नाही. मुलाच्या डोक्यात मंत्र म्हणजे कूपन असे बसले तर ते काढायला वेळ लागेल. आत्म्याचेही तसेच. आपण ज्याला अविकारी म्हणतो तो इथे अंगात शिरलेला विकार आहे. शब्द तोच, अर्थ पार उलटा, आणि हा उलटा अर्थ मुद्दाम घेतला आहे की सहज, याची खूण गेममध्ये कुठे नाही. भुकेचा विचार जितका खोल केला, तितका या शब्दांचा केलेला नाही.

दुसऱ्या भागाच्या शेवटी लढाई कोणाशी, तर ब्रह्माशी. निर्गुण निराकाराला हिट पॉइंट! मी हसलो, पण थोडा खट्टूही झालो. त्या आधीची कथा इतकी चांगली चढत गेली होती की शेवटी तलवारीने सोडवता येणार नाही असा एखादा प्रश्न समोर येईल असे वाटले होते. शेवटी डाव जिंकण्यावरच आला.

उच्चारांची तर दैना आहे. नायकाचे रूप खरे तर वरुण. त्याची शक्ती पाणी-बर्फाची, आणि जपानीत लिहिलेले 'वारुना' असेच वाचतात. इंग्रजीत आणताना त्याचा 'वर्ण' झाला. चिरंजीव कितीतरी दिवस त्याला रंग समजत होते. जिनाना म्हणजे ज्ञान, हेही मला दोन दिवसांनी उलगडले.

खेळ म्हणून पाहिले तर लढाईची रचना झकास. शत्रूचे मर्म ओळखून घाव घातला तर जादा पाळी मिळते, चुकीच्या जागी घातला तर हातच्या पाळ्या जातात, आणि शत्रूलाही तोच नियम. म्हणून डोके चालवावेच लागते. संगीत शोजी मेगुरो यांचे आहे, ते कर्कश वाटले तरी प्रसंगाला शोभते. पण चार पावले चाललो की पुन्हा लढाई, या प्रकाराने जीव मेटाकुटीला येतो. मोठ्या इमारतीत रस्ता शोधताना आपण कुठून आलो तेच विसरायला होते. नायक जवळजवळ बोलतच नाही. आणि पहिला भाग ऐन रंगात तुटतो. पूर्ण कथेसाठी दोनदा पैसे मोजायला लावणे हे मला पटत नाही, कथा कितीही चांगली असो.

डब्यावर 'एम' लिहिले आहे, म्हणजे सतरा वर्षांवरच्यांसाठी, आणि ते योग्य आहे. रक्त आहे, खाण्याची दृश्ये आहेत. धाकट्यांना लांबच ठेवा. पण हायस्कूल संपवणारे मूल असेल तर दार बंद करून त्याला एकट्याला खेळू देण्यापेक्षा शेजारी बसा. सुरुवातीचे दोन तास कंटाळा येईल, चहा घेऊन बसा.

दोन्ही डिस्क आमच्याकडे आहेत. ज्यांच्याकडे जुने प्लेस्टेशन २ चालू असेल त्यांनी पुढच्या पॉटलकला मागून न्याव्यात. मेमरी कार्ड मात्र आपापले आणावे. आमच्यावर चिरंजीवांचे साठ तास आहेत आणि ते पुसले गेले तर माझी धडगत नाही.