जुन्या रायफलीस नवी नळी : काडतूस कोणतें घ्यावें ?

आपल्या सभासदांपैकीं कित्येकांच्या घरीं वाडवडिलांच्या शिकारीच्या वेळची एखादी रायफल परवान्यासह चालत आलेली आहे. तिची नळी गंजली, किंवा आंतील पेच झिजून बुजून गेले, म्हणजे ती नुसती शोभेची वस्तु होऊन बसते. अलीकडे रानडुकरें व रोही यांचा उपद्रव फार झाल्यामुळें अशा बंधूंच्या मनांत एक विचार घोळूं लागला आहे. तो असा कीं, जुन्या रायफलीवर नवी नळी चढवावी, आणि ती अशा काडतुसाची घ्यावी कीं, एकाच हत्यारानें मोठें जनावरही पडेल व लहान उपद्रवी जनावराचाही दुरून बंदोबस्त होईल. हा विचार मूळचा अमेरिकेंतला आहे. तेथें तो शहाणपणाचा ठरला. आपल्या शेतांत तो तसा ठरेल काय, हें पाहण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

प्रथम नळी बदलणें म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे. नांगराचा फाळ झिजला तर त्याच मापाचा दुसरा आणून गांवच्या लोहाराकडून बसवितां येतो. नळीचें तसें नाहीं. तिच्या मागच्या टोंकास काडतूस बसण्याचें घर कोरलेलें असतें, व तें एका विशिष्ट काडतुसाचेंच असतें. शिवाय काडतुसाचें बूड ज्या बोल्टानें धरावयाचें त्याचें तोंडही त्या मापाचें असावें लागतें. .२७५ रिग्बी, म्हणजेच ७×५७ माऊझर, तसेंच .३०-०६, .२४३, .२५-०६ आणि .२२-२५० या सर्वांच्या बुडाचा व्यास सुमारें १२ मिलिमीटर असतो. म्हणून यांपैकीं एकाच्या बोल्टावर दुसऱ्याची नळी चालवितां येते, मात्र काडतुसाची लांबी रायफलीच्या पेटींत मावली पाहिजे. आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारें जें .३१५, त्याचें बूड कांठदार व अधिक रुंद आहे. तें मूळ ऑस्ट्रियाच्या जुन्या ८×५० मॅनलिखर काडतुसावरून आलें. त्याच्या रायफलीवर हीं बिनकांठाचीं काडतुसें सहजासहजीं बसत नाहींत. तेव्हां “कोणतेंही काडतूस घेऊं” असें म्हणण्याची मोकळीक प्रत्यक्षांत फारच थोडी असते.

दुसरी गोष्ट नळींतील पेचांच्या पिळाची. गोळी नळींतून फिरत बाहेर पडते म्हणून ती सरळ जाते. गोळी जितकी जड व लांब, तितका पीळ अधिक घट्ट लागतो. हलक्या गोळीसाठीं केलेल्या सैल पिळांतून जड गोळी सोडली तर ती हवेंत डगमगते व नेम राहत नाहीं. नवी नळी घेणारा बहुधा काडतुसाचें नांव विचारतो, पीळ विचारीत नाहीं. या एका चुकीनें केवढा फरक पडतो, याचें एक उदाहरण तिकडच्या बाजारांत घडलेलें आहे.

अमेरिकन शेतकऱ्यापुढें खरोखरच दोन कामें असतात. हंगामांत परवान्यानें हरणाची शिकार करावयाची, आणि एरव्हीं कुरणें पोखरणारा वुडचक, म्हणजे घुशीहून मोठा असा बिळें करणारा प्राणी, किंवा कोंबड्या-मेंढ्या नेणारा कोयोट यांस दुरून टिपावयाचें. सन १९५५ मध्यें तेथील दोन मोठ्या कारखान्यांनीं या दुहेरी कामासाठीं ६ मिलिमीटर गोळीचें एकेक काडतूस काढलें. विंचेस्टरनें .३०८ ची पुंगळी तोंडाशीं निमुळती करून .२४३ केलें. रेमिंग्टननें .२५७ रॉबर्ट्सच्या, म्हणजे मुळांत ७×५७ माऊझरच्याच, पुंगळीवरून .२४४ केलें. दोहोंच्या गोळीचा व्यास एकच. दारूस जागा तर रेमिंग्टनच्या पुंगळींत किंचित् अधिकच. तरीही बाजी विंचेस्टरनें मारली. कारण विंचेस्टरच्या नळीचा पीळ दहा इंचांत एक फेरा असा होता, व तींतून हरणास योग्य अशी १०० ग्रेनची गोळी चाले. रेमिंग्टननें लहान जनावरांवर दृष्टि ठेवून बारा इंचांत एक फेरा दिला, आणि गोळ्या ७५ व ९० ग्रेनच्या ठेविल्या. हरणासाठीं रायफल घेणाऱ्या गिऱ्हाइकानें पाठ फिरविली. पुढें १९६३ मध्यें तेंच काडतूस ६ मिलिमीटर रेमिंग्टन या नव्या नांवानें व नऊ इंचांच्या पिळानें पुन्हां आणलें गेलें, परंतु.२४३ ची बरोबरी त्यास कधींच करतां आली नाहीं.

यावरून घेण्याचा धडा असा कीं, दोन कामांच्या हत्यारांत मोठ्या जनावराचा हक्क पहिला. लहान जनावर जड गोळीनेंही मरतें. मोठें जनावर हलक्या गोळीनें नुसतें जखमी होतें. आतां हें माप आपल्या जनावरांस लावून पाहूं. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे .२४३ ची १०० ग्रेनची गोळी साडेसहा माशांहून किंचित् जड, आणि .२२-२५० ची ५५ ग्रेनची गोळी पुरती चार माशांचीही नाहीं. तिचा वेग सेकंदास साडेतीन हजार फुटांहून अधिक असला तरी ती लहान जनावरासाठीं, आपटतांच फुटावी अशीच केलेली असते. रोह्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशें किलोंहून अधिक भरतो, आणि रानडुकराच्या खांद्यावरची जाड कातडी आपण सर्वांनीं पाहिली आहे. अशा जनावरास फुटणारी हलकी गोळी मारणें म्हणजे त्यास जखमी करून शेजाऱ्याच्या ऊंसांत सोडणें होय. सकाळीं त्या ऊंसांत पाचट काढावयास बाया जातात, हें विसरूं नये.

बरें, दुसरें काम तरी आपल्याकडे आहे काय ? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार या देशांत उरलेली नाहीं. मोर तर पहिल्या अनुसूचींतला, त्याकडे नळी फिरविणें हाच गंभीर गुन्हा. वानरांवर गोळी झाडण्यास गांवकऱ्यांचें मन घेत नाहीं, व कायदाही तशी मोकळीक देत नाहीं. तीनशें वारांवरून लहान जनावर टिपण्याचें जें काम अमेरिकन रायफल करते, तें आपल्याकडे मुळीं नाहींच. आपल्यापुढें एकच काम आहे : पिकांत शिरलेलें डुक्कर किंवा रोही, रीतसर परवानगी घेऊन, जवळून आणि एका बारांत पाडणें. हें काम बहुधा तीस-चाळीस वारांच्या आंत, सांजवेळीं किंवा रात्रीं घडतें. त्यास सपाट जाणारी वेगवान गोळी काय उपयोगाची ?

उपयोगाची नाहीं इतकेंच नव्हे, तर ती धोक्याची आहे. रायफलीची गोळी नेम चुकली तर दोन मैल जाऊं शकते. आपलीं शेतें अमेरिकेच्या कुरणांसारखीं नाहींत. पांच एकरांच्या तुकड्यास चार धुरे, पलीकडे दुसऱ्याची वस्ती, त्यापलीकडे रस्ता, आणि रात्रीं प्रत्येक माळ्यावर कोणी ना कोणी जागलीस बसलेला. छऱ्यांचें तसें नाहीं. छऱ्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २,२०० नें गुणलें असतां तो अधिकांत अधिक किती वार जाईल याचा अदमास मिळतो. ४ नंबरचा छर्रा सुमारें .१२ इंचाचा, म्हणून अडीचशें वारांच्या थोडा पुढें; एस्.जी. सुमारें .३३ इंचाचा, म्हणून सव्वासातशें वार. हेंही अंतर कांहीं थोडें नव्हे. परंतु दोन मैलांपुढें तें कांहींच नाहीं. तितक्या अंतरांत कोण आहे हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. दोन मैलांत कोण आहे हें कोणासच ठाऊक नसतें.

कायद्याची दृष्टिही हीच आहे. महसुलाच्या कचेरींत आम्हीं वर्षानुवर्षें परवान्यांचे कागद हातांखालून घातले, म्हणून हें थोडें विस्तारानें सांगतों. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत पीकराखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचें नांव आहे, आणि ती पुरी पडत नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचें. राखणीच्या त्या कलमांत रायफल नाहीं. परवान्यावर हत्याराचा बोअर व क्रमांक लिहिलेला असतो. बोअर बदलला कीं कागदावरचें हत्यार एक व घरांतलें दुसरें, असें होतें. असा बदल पूर्वपरवानगीवांचून करणें, किंवा परवाना नसलेल्या कारागिराकडून करून घेणें, हा गुन्हा आहे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरसारखीं लष्करी मापें तर सामान्य परवानेदारास मिळतच नाहींत. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच हत्यारें बाळगतां येतात. दोहोंपैकीं एक जागा न मिळणाऱ्या काडतुसाच्या रायफलीनें अडवून ठेवणें, हा शुद्ध तोटा आहे.

न मिळणाऱ्या असें आम्ही मुद्दाम म्हणतों. .२४३, .२५-०६ हीं काडतुसें अमेरिकेंत गांवच्या दुकानांत मिळतात. आपल्याकडे तीं परदेशांतून यावयाचीं. आलीं तर महाग, न आलीं तर रायफल पुन्हां कपाटांत. बारा बोअरचीं काडतुसें पुण्याशेजारीं खडकीच्या कारखान्यांत होतात. .३१५ चें काडतूसही देशांतच तयार होतें. बियाणें निवडतांना आपण तें पुढच्या सालीं मिळेल कीं नाहीं हें पाहतों. काडतुसासही तोच नियम लावावा.

एवढ्या विचारानंतर आमचें मत पुढीलप्रमाणें आहे :

(१) ज्यांची रायफल .३१५ ची आहे व जिची नळी खरोखर निकामी झाली आहे, त्यांनीं परवानगी घेऊन त्याच मापाची नळी बसवावी. गोळी जड व संथ आहे, जवळच्या कामास पुरेशी आहे, आणि काडतूस मिळतें.

(२) .२७५ किंवा .३०-०६ ची रायफल असेल तर माप बदलूं नये. काडतुसें नियमित मिळण्याची खात्री असेल तरच नळीवर पैसा घालावा, आणि गोळी जड व मऊ टोंकाची घ्यावी. खात्री नसेल तर ती रायफल रीतसर विकून टाकावी.

(३) ज्यांस केवळ पीकराखण करावयाची आहे, त्यांनीं नळी बदलण्याच्या भरीस न पडतां बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा परवाना मागावा. डुकरास एस्.जी. किंवा एल्.जी., तेंही तीस-पस्तीस वारांच्या आंत. अखंड गोळीचें काडतूस फुल चोकाच्या, म्हणजे तोंडाशीं आवळलेल्या, नळींतून झाडूं नये.

(४) जुन्या बंदुकींचें घर पुष्कळदां ६५ मिलिमीटरचें असतें. तींत ७० मिलिमीटरचें काडतूस बसतें, पण झाडल्यावर पुंगळीचें तोंड उघडण्यास जागा न मिळून दाब भलताच वाढतो. नळीवरील माप वाचून मगच काडतूस घ्यावें.

(५) बार नेहमीं माळ्यावरून खालीं, जमिनीच्या दिशेनें टाकावा. चुकलेली गोळी मातींत गेली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं, छऱ्यानें रोही पडत नाहीं, मग रायफलीवांचून गति काय ? आक्षेप खरा आहे. परंतु त्याचें उत्तर प्रत्येक घरीं रायफल हें नव्हे. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें पिकांस धोका देणारें जनावर मारण्याची परवानगी अधिकारी लेखी व कारणें देऊन देऊं शकतो. ती मागावी, गांवानें मिळून मागावी, आणि ज्याचा हात बसलेला आहे व ज्याची रायफल जड गोळीची आहे, अशा एकाकडे तें काम सोंपवावें. मारलेलें जनावर सरकारची मालमत्ता असतें, तें घरीं नेण्याचा मोह धरूं नये. आणि ज्यांचें पीक गेलें त्यांनीं पंचनामा वेळेवर करून घ्यावा. तलाठ्यास व वनरक्षकास दुसऱ्या दिवशीं बोलावणें आणि पंधरवड्यानें बोलावणें यांत नुकसानभरपाईचा सगळा फरक पडतो.

पीक हें आपलें पोट आहे, यांत शंका नाहीं, आणि रात्रभर राखलेलें भुईमुगाचें शेत पहाटे उकरलेलें पाहिलें म्हणजे माणसाचा संताप होतो, तोही रास्त आहे. परंतु संतापांत घेतलेलें हत्यार वीस वर्षें घरांत राहतें. म्हणून नळी बदलण्यापूर्वीं काडतूस निवडा, आणि काडतूस निवडण्यापूर्वीं आपल्या धुऱ्यावर उभे राहून चहूंकडे पाहा. पलीकडे ज्यांचीं घरें दिसतील, त्यांचा विचार करूनच निवड ठरवावी, एवढीच आमची सर्व बंधूंस विनंति आहे.