सातत्याची सोय

आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे ह्यांनी २०१८ साली भुवनेश्वर येथे तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे २९.८० सेकंदांत संपवून गोपाल सैनी ह्यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ साली पॅरिस येथे तेच अंतर त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत कापले. सहा वर्षांच्या श्रमांची मिळकत वीस सेकंद! व्यापारी बंधूंस ती अल्प वाटेल. परंतु २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले, आणि पुढील वर्षी आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण मिळविले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या सेकंदांचे मोल कळते.

ह्यावरून चिकाटीचा बोध सारेच घेतात. परंतु ज्याचा उद्योग दर साली मध्येच तुटतो, त्याने चिकाटी धरावी कशी? दिवाळीच्या सुमारास आमच्याच जिल्ह्यातून ऊसतोडीस निघणाऱ्या कुटुंबांची अनेक मुले शाळा सोडून फडावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागचा पाठ तोवर विसरलेला असतो. ह्यात त्यांच्या बुद्धीस बोल लावण्याजोगे काही नाही.

यास्तव हंगामी वसतिगृहे वेळेवर उघडतील व हंगाम सरेपर्यंत नीट चालतील, ह्याकडे शिक्षकांनी, पुढाऱ्यांनी व वर्गणी देणाऱ्या व्यापाऱ्यांनी जातीने लक्ष पुरवावे. विजेत्याच्या मिरवणुकीस एक दिवस पुरतो. मुलाच्या शिक्षणास सलग वर्षे लागतात. सातत्याची स्तुती करणाऱ्या समाजाने सातत्याची सोयही केली पाहिजे.