इंटर्नची वही कोण तपासतं?

मंडळी, हल्ली ओळखीच्या बऱ्याच घरांत एखादा तरी इंटर्न असतो. आमच्याकडेही आहे. नात हिंजवडीला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांसाठी जाते. तिची तक्रार एकच. "आजी, मला काही मोठं करायलाच देत नाहीत गं! दोन ओळी बदलायच्या आणि चार दिवस त्यावर शेरे झेलायचे."

माझ्या मते खरी इंटर्नशिप ती हीच.

तिनेच मला पद्धत समजावून सांगितली. मूळ प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. आपली वेगळी 'ब्रँच' काढायची, तिच्यात बदल करायचे आणि तपासायला पाठवायचे. अनुभवी माणूस ओळ न् ओळ वाचतो, शेरे लिहितो. दुरुस्त्या झाल्या की मगच ते मूळ प्रोग्रॅममध्ये जातं. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तयार केलेल्या 'गिट'मध्ये कोणती ओळ कुणी, कधी बदलली याची नोंदही राहते.

आमच्या बी.एड.ला तरी वेगळं काय होतं? पाठाचं टाचण आधी तपासून घ्यायचं, समोर खरीखुरी मुलं, आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेले निरीक्षक. एका तासावर पानभर शेरे! तेव्हा राग यायचा. पण पुढे तीस वर्षं नोकरी केली, त्यात माझं शिकवणं इतक्या बारकाईनं पुन्हा कुणी पाहिलं नाही.

मला काळजी वाटते ती नातीच्या मैत्रिणीची. दुसऱ्या एका कंपनीत तिला सहा आठवडे नुसते व्हिडिओ बघत बसवलंय. विचारायचं कुणाला, तेही माहीत नाही. प्रमाणपत्र मात्र वेळेवर मिळेल! त्यात आता एआय क्षणात कोड लिहून देतं. "हे असंच का लिहिलंस?" असं विचारणारं कुणी नसेल, तर ही मुलं शिकणार कशी?

२०२४ च्या अर्थसंकल्पात बड्या ५०० कंपन्यांत इंटर्नशिपची योजना जाहीर झाली, दरमहा ५,००० रुपये भत्ता. आमच्या कट्ट्यावर चर्चा झाली ती आकड्यांचीच. पैसे हवेतच, फुकट राबवून घेणं वाईटच. पण पैशांनी शिकणं होत नाही.

तेव्हा घरातल्या इंटर्नला "स्टायपेंड किती?" विचारून झालं, की एवढंही विचारा, "तुझं काम वाचतं कोण?" उत्तर "कुणीच नाही" आलं, तर मात्र काळजी करा.