कालचे परके, आजचे यजमान

पोर्तुगालमध्ये मे २०२५ मध्ये झालेल्या निवडणुकीत परकीयांच्या आगमनास विरोध करणाऱ्या ‘शेगा’ पक्षाने ६० जागा जिंकून संसदेत दुसरे स्थान मिळविले. २०१९ साली या पक्षाची अवघी एक जागा होती. तथापि विचारात पाडणारी गोष्ट निराळीच आहे. परदेशस्थ पोर्तुगीजांसाठी असलेल्या चार जागांपैकी दोन याच पक्षाकडे गेल्या. जे स्वतः परमुलखात परके म्हणून राहतात, त्यांतील अनेकांनी मायदेशी आलेल्या परक्यांविरुद्ध कौल दिला!

वास्तविक हा देश पोटासाठी बाहेर पडणाऱ्यांचा. सालाझारच्या राजवटीतील दारिद्र्य आणि १९६१ पासून आफ्रिकेतील वसाहतींत पेटलेले युद्ध यांमुळे लक्षावधी लोकांनी देश सोडला. पुष्कळांपाशी परवाना नव्हता. दलालांना पैसे मोजून, डोंगर ओलांडून ते फ्रान्समध्ये शिरले. पॅरिसनजीक शांपिन्यी येथे चिखलात त्यांची झोपडपट्टी वसली. आज आलेंतेजूच्या हरितगृहांत फळे खुडणारे नेपाळी, बांगलादेशी व भारतीय मजूर त्याच गरजेपोटी आले आहेत.

मग पूर्वानुभवातून सहानुभूती का उपजू नये? कारण स्मृती निवड करते. बापजाद्यांचे कष्ट आठवतात. त्यांनी चुकविलेला कायदा आठवत नाही. ‘आम्ही राबलो, मिसळून गेलो, हे तसे नव्हेत’, असे प्रत्येक जुना आगंतुक नव्याविषयी म्हणतो. लिस्बनमधील घरभाडी सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली, हे गाऱ्हाणे खरे आहे. परंतु त्यात पर्यटन व गुंतवणूकदार यांचाही वाटा आहे. त्यांच्याऐवजी मजुरास दोष देणे सोपे, इतकेच.

गोमंतकाने हे दुरून पाहण्याचे कारण नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदींच्या आधारे पोर्तुगीज पारपत्र मिळवून आमचे हजारो बांधव युरोपात गेले आहेत. उद्या तेथील रोष त्यांनाही भोवेल. इकडे आम्ही मात्र परप्रांतीय मजुरास ‘भायलो’ म्हणून हिणवितो. सोळाव्या शतकात धर्मच्छळामुळे श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. तेव्हा आदिलशाही मुलखातील अंत्रुज महालाने आमच्या देवांना व पूर्वजांना थारा दिला, याचा विसर पडावा काय?

कोणास व किती जणांस प्रवेश द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहेच. परंतु जो आला, जो राबतो आहे, त्याचा उपमर्द करण्याचा अधिकार कोणासही नाही. आणि ज्यांच्या पूर्वजांनी परदारी आसरा मागितला, त्यांना तर मुळीच नाही.