लशीचा वाटखर्च

पुण्यात उत्पादित होणाऱ्या ‘आर-२१’ या हिवतापाच्या लशीची २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, तेव्हा तिची किंमत मात्रेस दोन ते चार डॉलर एवढीच असल्याचे ऐकून अनेकांस समाधान वाटले, व ते रास्तही होते. परंतु कारखान्याच्या दारात ठरलेला हा भाव म्हणजे बालकाच्या अंगात लस पोचेपर्यंतचा सर्व खर्च नव्हे, ही गोष्ट पश्चिम आफ्रिकेच्या साहेल मुलखाइतक्या स्पष्टपणे क्वचितच अन्यत्र दिसेल.

त्या मुलखात हिवतापाचा कहर पावसाळ्यातील मोजक्या महिन्यांत माजतो. माली व बुर्किना फासो येथे २०१७ ते २०२० या काळात झालेल्या चाचणीत, ‘आरटीएस,एस’ ही आधीची लस पावसाळ्याच्या तोंडावर टोचून शिवाय पावसाळाभर दरमहा प्रतिबंधक औषध दिलेल्या बालकांत, केवळ औषध मिळालेल्या बालकांच्या तुलनेने, गंभीर हिवतापाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. मालीनेही २०२५ साली ‘आर-२१’चे लसीकरण आरंभिताना पहिल्या तीन मात्रा वयानुसार आणि पुढील दोन पावसाळ्यापूर्वी देण्याची पद्धत स्वीकारली.

मात्र नित्याच्या लशी संपलेले बालक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आपण होऊन केंद्रावर येत नाही. त्याचे नाव नोंदवहीतून शोधणे, गावोगाव वर्दी देणे, दोन ते आठ अंश तापमानात कुप्या सांभाळणे, कर्मचाऱ्यांचा भत्ता व वाहनाचे इंधन पुरविणे, आणि हे सारे रस्ते चिखलात रुतण्यापूर्वी उरकणे, यांस पैसा लागतो. दरमहाचे औषध गावातील स्वयंसेवक घरोघर देऊ शकतो, परंतु टोचणीस प्रशिक्षित हातच हवा. म्हणून नोंदी, वाहने व दवंडी सामाईक करून काही बचत साधली, तरी दोन्ही मोहिमा सरसकट एक करता येणार नाहीत.

हा खर्च ‘किरकोळ’ या सदरात टाकण्याची सवय सोडली पाहिजे. २०२३ साली हिवतापाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, आणि आफ्रिकेतील मृतांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती. पुण्याच्या लशीचा अभिमान बाळगणाऱ्या आपण सर्वांनी असा आग्रह धरावा की, देणगीदारांनी कुप्यांच्या कराराबरोबरच त्या पोचविण्याची तरतूदही अनेक वर्षांसाठी करावी व ती रक्कम पावसाळ्याआधी जिल्ह्यांच्या हाती द्यावी; कारण पाऊस ओसरल्यावर मंजूर झालेला पैसा हिशेबात जमा होतो, पण त्या वर्षीच्या बालकांस वाचवीत नाही.