टोपीकरांच्या मागचा राजा

1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ आणि गोळे घेऊन त्याच्या मदतीला गेले. नुसता माल विकून ते थांबले नाहीत, तर स्वतःचे निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले आणि या वखारवाल्यांना कैद केले. सुटकेसाठी त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे धाव घेतली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच सुनावले. कंपनीच्या मालाचे रक्षण करताना तुम्ही पकडले गेला नाहीत, इंग्रजांचे निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात म्हणून कैदेत आहात, असा त्या उत्तराचा आशय होता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, इशारा दिला, त्यामागे असे अनुभव होते. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या प्रत्येकाच्या मागे एकेक राजा आहे, हे त्या इशाऱ्याचे सार. शस्त्रांच्या व्यापाराबद्दल इतके नेमके निरीक्षण क्वचितच कुणी केले असेल. शस्त्रांचा व्यापारी कधीच एकटा नसतो. आज भारत शस्त्रे विकणारा देश होऊ पाहत असताना या निरीक्षणाची आपल्याला सर्वाधिक गरज आहे.

कथा-कादंबऱ्यांनी आणि सिनेमाने मात्र आपल्या मनात वेगळेच चित्र उभे केले आहे. तिथे शस्त्रांचा बाजार म्हणजे एक माणूस असतो. जॉन ल कारे यांच्या 'द नाइट मॅनेजर'मधला रिचर्ड रोपर आलिशान बोटीवर राहतो. 2023 च्या हिंदी मालिकेत अनिल कपूरने त्याचाच भारतीय अवतार साकारला. 'लॉर्ड ऑफ वॉर'मधला युरी ऑर्लोव्ह सूटकेस घेऊन युद्धामागून युद्ध हिंडतो. टिनटिनच्या 'द ब्रोकन इअर'मध्ये बझारोव्ह नावाचा विक्रेता भांडणाऱ्या दोन्ही देशांना तोफा विकतो. हा बझारोव्ह बेसिल झहारॉफवरून बेतलेला. खऱ्या झहारॉफने नॉर्डेनफेल्ट कंपनीची पाणबुडी आधी ग्रीसला विकली आणि ग्रीसच्या धास्तीने तुर्कस्तानने दोन घेतल्या. पण टिनटिनच्या पानांत जे दिसत नाही ते असे, की याच झहारॉफला पुढे ब्रिटन आणि फ्रान्स या दोन्ही देशांनी सर्वोच्च दर्जाचे किताब दिले. त्याच्या दलालीत सरकारांना स्वतःचे हित दिसत होते. ऑर्लोव्हच्या पात्रामागे ज्याची छाया आहे, त्या व्हिक्टर बाउटला अमेरिकेत 25 वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये एका अमेरिकी बास्केटबॉलपटूच्या बदल्यात रशियाने त्याला परत मिळवले. कुठलेही राज्य उपऱ्या दलालासाठी असा सौदा करत नाही. या कथा लेखक-दिग्दर्शकांनी प्रामाणिकपणे लिहिल्या आहेत. 'लॉर्ड ऑफ वॉर' शेवटी बड्या राष्ट्रांकडे बोटही दाखवतो. पण प्रेक्षकाच्या मनात उरतो तो खलनायक. तो पकडला गेला की प्रश्न मिटला असे वाटते, आणि इथेच ही चित्रे आपली दिशाभूल करतात.

प्रत्यक्षातला बाजार भर दिवसा, सरकारी निमंत्रणाने भरतो. लंडनच्या एक्सेल केंद्रात दर दोन वर्षांनी डीएसईआय हे प्रदर्शन होते आणि परदेशी शिष्टमंडळांना खुद्द ब्रिटिश सरकार बोलावते. 2001 मध्ये ते 11 सप्टेंबरलाच सुरू झाले. त्याच दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, तरी प्रदर्शन चालूच राहिले. अबू धाबीत आयडेक्स, पॅरिसजवळ युरोसेटरी, आपल्याकडे बेंगळुरूत एरो इंडिया आणि वेगवेगळ्या शहरांत डिफएक्स्पो भरत आले आहेत. उद्घाटनाला मंत्री, दालनांत गणवेशातले अधिकारी, समारोपाला सामंजस्य करार, असा तिथला रिवाज. इथे कोण येणार हेही राज्येच ठरवतात. गाझातील युद्धामुळे 2024 मध्ये फ्रान्सने युरोसेटरीत इस्रायली कंपन्यांना मज्जाव केला आणि तो वाद न्यायालयात गेला. जून 2025 मध्ये पॅरिस एअर शोमध्ये काही इस्रायली दालनांभोवती काळे पडदे उभारले गेले. त्याच वर्षी लंडनच्या प्रदर्शनाला ब्रिटनने इस्रायली सरकारी अधिकाऱ्यांना निमंत्रण दिले नाही, कंपन्या मात्र आल्या. या निर्णयांशी कुणी सहमत असो वा नसो, त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. शस्त्र कुणाला विकायचे हा परराष्ट्र धोरणाचा निर्णय आहे, आणि लोकशाहीत अशा निर्णयाचा जाब विचारता आला पाहिजे.

भारताची संरक्षण निर्यात 2013-14 मध्ये 686 कोटी रुपयांची होती; 2024-25 मध्ये ती 23,622 कोटींवर गेली. 2029 पर्यंत 50 हजार कोटींचे लक्ष्य आहे. यात महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा आहे. पुण्यात तोफा आणि नागपूर परिसरात स्फोटके व रॉकेटे तयार होतात. फिलिपिन्सला ब्रह्मोस, आर्मेनियाला पिनाका असे मोठे सौदे बातम्यांतून कळतात. पण कोणत्या देशाला काय आणि किती विकले, याची पूर्ण यादी नागरिकाला मिळत नाही. संसदेत प्रश्न आला की सामरिक कारणास्तव देशांची नावे देता येत नाहीत, असे उत्तर मिळालेले आहे. मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या उमर्टीहून आलेला गावठी कट्टा पुण्यात सापडला, तर पोलीस तो कुणी बनवला, कुणी विकला, कुणी घेतला हे शोधून न्यायालयासमोर ठेवतात. एका कट्ट्याबाबत आपण जो माग आवश्यक मानतो, तो हजारो तोफगोळ्यांबाबत अनावश्यक कसा ठरतो? हा तपशील सरकारकडे असतोच, कारण प्रत्येक निर्यातीला परवाना लागतो. माझी मागणी एवढीच आहे: देशवार आणि वस्तूवार वार्षिक अहवाल संसदेत मांडला जावा, आणि परवाना देण्याचे वा नाकारण्याचे निकष जाहीर व्हावेत.

यावर पहिला आक्षेप असा, की आपण विकले नाही तर दुसरा विकेल. राजापूरच्या वखारवाल्यांनाही हेच म्हणता आले असते. दुसरा कुणी पाप करील म्हणून ते आपण करावे, हा न्याय आपण इतर कुठल्याच व्यवहारात मान्य करत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोफोर्सपासून आजवर परदेशी शस्त्रांवरच्या अवलंबनाने आपल्याला पुरते पोळले आहे. स्वदेशी उद्योग टिकवायचा तर केवळ आपल्या सैन्याची मागणी पुरत नाही, निर्यात हवीच. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी निर्यातबंदी मागत नाही. उद्योग उभा करायला परदेशी ग्राहक लागत असतील, पण तो ग्राहक स्वतःच्याच जनतेवर तोफा रोखणारा आहे का, हे पाहिल्याने उद्योग बुडत नाही. गुप्ततेचा मुद्दाही तपासून घ्यावा. क्षेपणास्त्राची मारक क्षमता गुप्त ठेवणे वेगळे आणि ते कुणाला विकले हे लपवणे वेगळे. ब्रिटन, स्वीडन, जर्मनी अशी माहिती नियमित प्रसिद्ध करतात. अमेरिकेत मोठ्या विक्रीची सूचना आधी काँग्रेसला द्यावी लागते. त्यांचे शस्त्रउद्योग त्यामुळे बंद पडलेले नाहीत.

मग प्रश्न येतो, की एवढी पारदर्शकता असूनही ब्रिटनने येमेन युद्धाच्या काळात सौदी अरेबियाला शस्त्रे विकलीच ना? विकली. पण निकष जाहीर होते म्हणूनच एका नागरी संघटनेला न्यायालयात जाता आले. सौदीकडून याआधी युद्धनियमांचा भंग झाला का, याचे मूल्यमापनच केले नाही, म्हणून जून 2019 मध्ये अपील न्यायालयाने ती परवाना प्रक्रिया बेकायदा ठरवली. नवे परवाने वर्षभर थांबले, 2020 मध्ये पुन्हा सुरू झाले. विजय अपुरा होता, तरी सरकारला उत्तर द्यावे लागले. आपल्याकडे इस्रायलला होणाऱ्या निर्यातीविरुद्धची याचिका सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली; परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. न्यायालयाचे दार असे बंद असेल तर उरते ती संसद, आणि संसदेला माहितीच नसेल तर काहीच उरत नाही. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करारावर मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. करार निर्यातदारांच्या बाजूने झुकलेला आहे, ही आपली तक्रार होती आणि तेव्हा आपण प्रामुख्याने आयातदार होतो. आता निर्यातदार होताना त्या भूमिकेचा फेरविचार व्हायला हवा.

रामचंद्रपंतांनी इशारा दिला तेव्हा आपण तटाच्या आत होतो आणि गोळे बाहेरून येत होते. उद्या कुठल्या तरी दूरच्या तटाआड बसलेली माणसे आपल्या कारखान्याचा शिक्का असलेला गोळा उचलून पाहतील आणि विचारतील, या व्यापाऱ्याच्या मागे कोण आहे? राजा आता नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आपण मतदार आहोत, म्हणून तो माल कुठे जातो हे जाणण्याचा हक्क आपण मागितला पाहिजे.