माळवदाचे वजन

लातूरच्या आडत बाजारातील व्यापारी काट्यावर चढल्याशिवाय एका पोत्याचेही वजन मान्य करीत नाही. परंतु ज्या छताखाली त्याच्या तीन-चार पिढ्या नांदल्या, त्या छताचे वजन किती, हा प्रश्न घरात क्वचितच विचारला जातो. तो विचारला जातो छत उतरविण्याची वेळ आल्यावर, आणि तोही बहुधा ट्रॅक्टर दारात उभा राहिल्यानंतर.

मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचा किंवा फळ्या, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना. उन्हाळ्यात ती घर थंड ठेवते. पावसाळ्यापूर्वी गळती रोखण्यासाठी दरवर्षी तिच्यावर नवी माती पसरण्याची रीत होती. जुनी माती मात्र फारशी कोणी काढली नाही. खतावणीत केवळ जमाच होत राहावी आणि नावे काहीच पडू नये, तसे हे छत वर्षानुवर्षे जड होत गेले.

हिशेब साधा आहे. १२ फूट रुंद आणि १५ फूट लांब अशा खोलीवर दीड फूट माती असेल, तर ती २७० घनफूट, म्हणजे २.७ ब्रास भरते. दाबून बसलेल्या कोरड्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १.६ टन धरल्यास एका खोलीवरील भार १२ टनांच्या घरात जातो. पन्नास किलोची २४० पोती डोक्यावर रचून कुटुंब रोज निजते, असा याचा अर्थ होतो. माती भिजली की हा आकडा आणखी वाढतो.

या भाराची किंमत लातूर जिल्ह्याने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते आणि माणसे गाढ झोपेत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि वरची माती खाली आली. आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तरीही जुन्या वस्त्यांत माळवदाची घरे आजही आढळतात, आणि पत्रे किंवा स्लॅब टाकण्यासाठी ती एकेक करून उतरविली जात आहेत.

उतरविण्याच्या कामात पहिला विचार वाहनाचा करावा. उकरलेली माती फुगते, दाबलेल्या मातीपेक्षा ती साधारण पाव पट अधिक जागा व्यापते. म्हणून वरील एका खोलीची २.७ ब्रास माती ट्रॉलीत सुमारे ३.४ ब्रास होते. ट्रॉलीत एक ब्रास माती मावते असे धरले, तर चार खोल्यांच्या घराला तेरा-चौदा खेपा लागतात. ठेकेदाराने भरीव मातीचा अंदाज दिला आणि बिल सुट्या मातीच्या खेपांचे आले, तर तंटा अटळ. यासाठी सौदा ब्रासवर की खेपेवर, भरणावळ कोणाची आणि माती रिकामी कोठे होणार, या तीन गोष्टी आधी कागदावर लिहून घ्याव्यात.

अमेरिकेत छत बदलताना दारासमोर लोखंडी डबा भाड्याने ठेवण्याची पद्धत आहे. त्याला तेथे डंपस्टर म्हणतात. दहा घनयार्डांचा डबा बरोबर २७० घनफुटांचा असतो, म्हणजे आपल्या एका खोलीच्या भरीव मातीएवढा. परंतु भाड्यात आकाराबरोबर वजनाचीही मर्यादा ठरलेली असते आणि ती ओलांडली की प्रतिटन जादा आकार द्यावा लागतो. डबा अर्धा रिकामा दिसत असतानाही वजन पूर्ण भरू शकते. ट्रॉलीचेही तसेच आहे. काठोकाठ भरलेली माती धान्याच्या भुशासारखी हलकी नसते.

राडारोडा रस्त्यावर, नाल्यात किंवा मोकळ्या भूखंडावर लोटणे हा शेजाऱ्यावर टाकलेला भार आहे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी एका दिवसात २० टनांहून अधिक कचरा करणाऱ्याला तो वेगवेगळा करण्याचे आणि कामापूर्वी स्थानिक संस्थेची मंजुरी घेण्याचे बंधन घातले. दोन खोल्या एकाच दिवशी उकरल्या, तरी हा आकडा ओलांडला जातो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत प्रचलित नियम आणि माती टाकण्याची जागा विचारून घ्यावी. माती, लाकूड आणि दगड वेगळे ठेवल्यास सागवानी तुळयांना गिऱ्हाईक मिळते, दगड पायाला लागतो आणि स्वच्छ माती भरावाला उपयोगी पडते.

प्रत्यक्ष उकरताना एक कोपरा रिकामा करून दुसरीकडे ढीग रचू नये. त्याने भार एका भिंतीवर येतो. संपूर्ण छतावरून पातळ थर क्रमाने काढावेत, तुळयांना खालून टेकू द्यावेत आणि खालच्या खोलीत कोणालाही थांबू देऊ नये. काढलेली माती जुन्या भिंतीला टेकवून ठेवू नये. थराथराने काम केल्यास मातीत वसलेल्या जीवजंतूंनाही निघून जाण्यास वेळ मिळतो, ही यतनाही त्यात साधते.

नव्या छताविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. पाच इंची स्लॅब त्याच खोलीवर सुमारे सव्वापाच टनांचा होतो. माळवदाच्या निम्म्याहून कमी असला, तरी मातीत रचलेल्या भिंतींवर तो थेट टाकणे धोक्याचे आहे. पाया, खांब आणि पट्टे यांचा निर्णय अभियंत्याकडूनच घ्यावा. मृग नक्षत्रापूर्वी छत पुन्हा झाकले जाईल, अशा बेताने चैत्रातच काम हाती घ्यावे. घाईने उघडलेले घर पावसात सापडले, तर भिंती भिजतात आणि मग वाचविलेल्या चार खेपांचे भाडे फार महाग पडते.